लावलेलं पान

आमच्या खेळात कडक असा एकच नियम होता: लावलेलं पान खेळायचंच. नियम मी केला होता. त्यावरून घरात जेवढी भांडणं झाली, तेवढी आमच्या लग्नात मानपानावरूनही झाली नव्हती.

खेळ दुधाच्या गाड्यांचा. पुठ्ठ्याच्या पटावर गावं, गावात दूध संकलन केंद्रं, मधे रस्ते आणि एका कोपऱ्यात डेअरी. प्रत्येकाला एक गाडी. फेरी सुरू व्हायच्या आधी आपल्या हातातली पाच पानं निवडायची आणि ओळीनं पालथी मांडायची. सरळ, डावीकडं, सरळ, कॅन चढव, मागं फीर, अशी. एकदा मांडली की त्यांना हात लावायचा नाही. मग सगळ्यांनी एकदम पहिलं पान उघडायचं आणि त्यावर जे लिहिलंय ते करायचं. मग दुसरं, मग तिसरं. गंमत अशी की तुम्ही पानं लावलीत तेव्हा त्या गावात दूध होतं, पण तुमची गाडी पोचेपर्यंत ते दुसऱ्यानं नेलेलं असतं. तरी तुमचं "कॅन चढव" उघडतंच. मग रिकाम्या केंद्रासमोर गाडी लावायची, नसलेला कॅन चढवायचा आणि गप पुढचं पान उघडायचं.

अशा वेळी बघणाऱ्याला हसू येतं आणि खेळणाऱ्याचं तोंड उतरतं. मला ते फार आवडायचं. पुण्यातल्या एका गृहस्थांना आम्ही खेळ दाखवला होता. ते असे खेळ छापून विकतात. ते फोनवर म्हणाले, पान वाया गेलं की खेळाडूला वाईट वाटतं, त्याला काहीतरी भरपाई द्या. मी म्हटलं, वाईट वाटू दे की. ते पुणेरी पद्धतीनं हसले आणि बघू म्हणाले.

मूळ कल्पना नवऱ्याची. तो शिरोली एमआयडीसीत एका कारखान्यात सीएनसी मशीनचे प्रोग्रॅम लिहितो. म्हणजे लोखंड कुठं किती कापायचं, हत्यार कुठून कुठं न्यायचं, हे सगळं मशीनला आधी लिहून द्यायचं आणि मग बटण दाबून बाजूला उभं राहायचं. एकदा कुणीतरी जॉब, म्हणजे कापायचा लोखंडाचा तुकडा, पक्का न बांधताच बटण दाबलं. जॉब खाली पडला आणि मशीन रिकाम्या जागेत तसंच कापत बसलं, वर पाणी सोडत, अगदी मन लावून. पोरं हसून बेजार झाली म्हणे. जेवताना त्यानं मला हे सांगितलं आणि म्हणाला, "त्याला काय कळतंय? लिव्हलंय ते करायचं." मी उद्यमनगरात एका छापखान्यात गुळाच्या आणि चिवड्याच्या खोक्यांची डिझाईन करते. दुसऱ्या दिवशी मी उरलेल्या पुठ्ठ्याची पानं कापून आणली. त्यांच्या पाठीवर गुळाच्या पिवळ्या ढेपेचं अर्धंमुर्धं चित्र छापलेलं होतं, ते तसंच ठेवलं.

मूल होण्यासाठीचे उपचार त्याच्या आधीपासून चालू होते. राजारामपुरीतला दवाखाना, वर जायचा अरुंद जिना, बाहेर बाकावर आमच्यासारखीच मोबाईलमध्ये तोंड घालून बसलेली जोडपी. नवरा त्या उपचारांत रमायचा असं म्हटलं तर त्याला राग येईल, पण खरं आहे. कुठल्या दिवशी कुठलं इंजेक्शन, कधी सोनोग्राफी, कधी काय थांबवायचं, सगळं आधी ठरलेलं. त्याला ते कळत होतं. इंजेक्शन द्यायलाही तो शिकला. हात धुऊन, औषध भरून, सुई वर धरून हवा काढायचा आणि दरवेळी विचारायचा, "देऊ?" मी दरवेळी म्हणायचे, "नको म्हटलं तर न्हाय देणार हाईस?" कमरेखालच्या त्या जागा पुढे पुढे बधिर झाल्या. हात लावला तर दुसऱ्या कुणाच्या अंगाला लावल्यासारखं वाटायचं.

बाकी मी पण हळूहळू तशीच झाले होते. पहिल्या वेळी आशा वाटली, दुसऱ्या वेळी भीती, पुढं पुढं काही वाटायचंच बंद झालं. झोपा म्हटलं की झोपायचं, श्वास सोडा म्हटलं की सोडायचा.

यावेळचा प्रयत्न शेवटचा होता. गोठवून ठेवलेला एकच गर्भ उरला होता. डॉक्टरीणबाईंनी गोड बोलून पण स्पष्ट सांगितलं होतं, आणि आमचंही आपसात ठरलं होतं की यानंतर नाही. गर्भ आत सोडला आणि रक्ताचा रिपोर्ट येईपर्यंत मी घरी पडून राहायचं असं ठरलं. डॉक्टरीणबाई पडून राहायची गरज नाही म्हणाल्या होत्या, पण आमच्या घरात त्यांचं कोण ऐकतंय?

माझ्या सोबतीला सासूबाई आल्या. त्यांना सगळे आव्वा म्हणतात, मीही. गडहिंग्लजच्या पुढे अगदी हद्दीवर त्यांचं गाव आहे. घरात निम्मं कानडी, निम्मं मराठी. कपाळावर विभूती, गळ्यात लिंग आणि आवाज असा की शेजारच्या फ्लॅटमधल्यांना आमच्या घरातलं काहीच वेगळं विचारावं लागत नाही.

पडून पडून कंटाळा आला की मी पट मांडायचे. नवरा कामावरून आला की आम्ही तिघं खेळायचो. आव्वांना खेळ लगेच कळला. आयुष्यभर डेअरीला दूध घातलेल्या बाईला काय शिकवायचं? पण नियम त्यांच्या पचनी पडेना. त्यांची गाडी गावात पोचायची, दूध आधीच गेलेलं असायचं आणि त्यांचं "कॅन चढव" उघडायचं. तेवढ्यात आव्वा ते पान उचलून हातातलं दुसरं ठेवायच्या, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत.

"आव्वा, असं चालत न्हाय," मी म्हणायचे.

"का चालत न्हाय? दूध न्हाय तर कॅन चढवू कशाला? खुळी हाय व्हय मी?"

"पान लावलंय न्हवं तुम्ही? मग खेळायचं."

"लावलं तवा दूध हुतं. आता न्हाय. डोळ्यानं दिसाय लागलंय की."

"दिसू दे. लावलेलं पान खेळायचंच."

"कुनी केला ह्यो नियम?"

"मी केला."

"मग बदल की."

"न्हाय बदलत."

नवरा आमच्या दोघींच्या मधे बसून शेंगा सोलायचा आणि कुणाचीच बाजू घ्यायचा नाही. आव्वा रागानं पान परत ठेवायच्या आणि रिकाम्या गावासमोर गाडी आपटायच्या. "चढवला बघ कॅन. वारा भरलाय आत. ने डेअरीला." एवढं बोलून पुढच्या फेरीत पुन्हा तेच. मी आतून सुन्न होते, पण या भांडणात मजा यायची हे कबूल करते. दिवसभरात तेवढाच वेळ मी कुणीतरी असायचे.

त्या दिवसांत सगळे गुपचूप काही ना काही ठरवत होते. मला ते दिसत होतं आणि दिसत नव्हतंही. आई फोनवर माझ्या मापाबद्दल विचारायची. नवरा खाली जाऊन गवळ्याशी काहीतरी बोलून आला. छापखान्याच्या मालकांनी मी न मागता रजा वाढवून टाकली. आव्वा एकदा दुपारी बाजारात गेल्या आणि आल्यावर पिशवी थेट कपाटात ठेवली. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "काय न्हाय. तुला काय करायचंय?"

मग गावाकडून फोन आला की म्हैस व्यायला झाली आहे. आव्वांना जावं लागलं. जाताना पिशवी काखोटीला मारली आणि म्हणाल्या, "रिपोर्टानंतरच्या सोमवारी येतो बघ मी." बायका आमच्याकडे बोलताना अशाच येतात आणि जातात, येतो नि जातो म्हणत. मी हो म्हटलं.

रिपोर्ट मोबाईलवर आला. मी स्वयंपाकघरात होते. नवरा बाहेरच्या खोलीत होता आणि त्याच्याही मोबाईलवर तो त्याच वेळी आला होता. मी आकडा बघितला. इतक्या वेळा बघून मला आता विचारावं लागत नाही. गॅसवर आमटी होती, ती उतू जाऊ नये म्हणून गॅस बारीक केला. मग बाहेर गेले. तो मोबाईल पालथा ठेवून बसला होता. म्हणाला, "बघितलंस?" मी म्हटलं, "व्हय." तो म्हणाला, "मी आव्वाला सांगतो." त्यानं फोन लावला, सांगितलं आणि ठेवला. मी विचारलं, काय म्हणाली? म्हणाला, "बरं म्हनाली." आम्ही जेवलो. आमटी चांगली झाली होती.

मला काही वाटलं नाही. हे मी तेव्हा कुणाला बोलले नाही, कारण अशा वेळी आपण रडलो की लोकांना बरं वाटतं. त्यांना काय करायचं ते कळतं. मी रडत नव्हते, म्हणून जो तो माझ्याकडे बघून आवाज बारीक करत होता, आणि मला त्याचा तेवढा वैताग यायचा. वैताग सोडला तर आत काहीही नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी इंजेक्शनं बंद करायला सांगितली. तरी त्या संध्याकाळी ठरल्या वेळेला नवरा उठला, बेसिनवर हात धुतले, कोपरापर्यंत, फ्रिजमधून औषधाचा डबा काढला आणि मग डबा हातात घेऊन तसाच उभा राहिला. फ्रिजचं दार उघडं होतं. मी म्हटलं, "दार लाव." त्यानं डबा आत ठेवला आणि दार लावलं.

मग पानं उघडायला लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गवळी आला आणि नेहमीचं दूध घालून पुन्हा माप बुडवलं. "वैनी, आजपासनं डबल घालायला सांगितलंय सायबांनी." मी आत गेले आणि दुसरं पातेलं आणलं. त्यानं ते भरलं. दोघांच्या घरात एवढ्या दुधाचं करायचं काय? विरजण लावलं, खीर केली, तरी उरलं. तो रोज घालत राहिला आणि मी रोज पातेलं घेऊन जात राहिले. नवऱ्यानं नको म्हणून सांगायचं टाळलं आणि मीही त्याला आठवण केली नाही.

मग टेलरचा फोन आला. आईनं परस्पर कापड देऊन माझ्यासाठी गाऊन शिवायला टाकले होते. मी राजारामपुरीत जाऊन घेऊन आले. टेलरबाईंनी घडी उलगडून दाखवली. "पोटाशी ढगळ सोडल्यात बघा, नऊ म्हयने जातील." मी छान झालेत म्हटलं. घरी येऊन एक अंगात घातला आणि तोच घालून राहिले. आत आणखी एक बाई बसली असती.

रजेचंही तेच. छापखान्यात फोन केला की येते, तर मालक म्हणाले, "अवो, कशाला धावपळ? तुमच्या टेबलावर दुसरी पोरगी बसवलीय आता. निवांत या." नवऱ्यानंही माझ्यासाठी म्हणून कारखान्यातली पाळी बदलून घेतली होती. तो दुपारीच घरी यायचा. मग आम्ही दोघं एकमेकांसमोर बसून राहायचो. ज्याच्यासाठी एवढी सोय केली ते सोडून सगळं काही वेळेवर चाललं होतं.

नवरा एकदाच बोलला. कारखान्यात नवीन प्रोग्रॅम लिहिला की तो आधी जॉबच्या वर, हवेत चालवून बघतात, कुठं काय आदळतंय का ते कळायला. तो म्हणाला, "आपण हे हवेत चालवून बघितलंच न्हाय." मला त्याचं म्हणणं कळलं. आम्ही सगळ्यांनी "हो" धरून पानं लावली होती. नाही आलं तर काय, याचं एकही पान कुणी लावलं नव्हतं. इतक्या वेळा नाही आलेलं असूनही. याला काय म्हणावं? मला तेव्हा त्याच्या पाठीवरून हात फिरवावासा वाटला पाहिजे होता. मी उठून ताक केलं.

सोमवार आला. सकाळीच नवरा म्हणाला, "आव्वा एसटीत बसली."

"कशाला? तिला सांगितलंस न्हवं?"

"सांगितलंय. यायचं ठरलंतं म्हनाली."

मला राग आला, आणि या वेळी जरा बरा आला. आता ही बाई येणार, मोठ्यांदा बोलणार, शेजाऱ्यांना ऐकू जाणार, मला जवळ घेणार आणि मला रडावं लागणार. मी तयारीत राहिले.

तसं काही झालं नाही. आव्वा आल्या, पाय धुतले, देवापुढे बसून विभूती लावली, भाकरी आणि आमटी खाल्ली. दूध एवढं का म्हणून विचारलं नाही. माझ्या गाऊनकडे एकदा बघितलं आणि बघितलं न बघितलं केलं. त्यांचा आवाज तेवढा बसला होता. मी म्हशीचं विचारलं तर म्हणाल्या, "हाय बरी." व्याली, रेडकू झालं, चीक निघाला, हे मला पुढे कधीतरी नवऱ्याकडून कळलं. गल्लीला हाक मारून सांगणारी बाई, पण एवढं त्यांनी गिळून टाकलं होतं.

जेवण झाल्यावर त्यांनी ती पिशवी काढली. बाजारातून आणलेली, माझ्यापासून लपवलेली तीच. पाट मांडला. एकेक वस्तू काढून ताटात ठेवायला लागल्या. तांदूळ, हळकुंडं, सुपारी, खोबऱ्याची वाटी, गुळाचा खडा, काठाचा हिरवा खण आणि शेंडी ठेवून सोललेला मोठा नारळ.

मला कळलं. आमच्याकडे पहिलटकरणीची एक ओटी गुपचूप भरतात. चोरओटी म्हणतात तिला. गावाला कळायच्या आधी घरातल्या घरात सासूनं भरायची. ती खरं तर तिसऱ्या महिन्यात. पण आव्वांना तेवढा दम कुठला? त्यांनी रिपोर्टानंतरचा सोमवार धरला होता आणि रिपोर्टाच्या आधीच खण घेऊन ठेवला होता.

"आव्वा," मी म्हटलं, "हे काय?"

"काय म्हंजे? दिसतंय की."

"आता कशाला? न्हाय झालं ते. तुम्हाला सांगितलंय न्हवं?"

"सांगितलंय."

"मग?"

"मग काय? बस पाटावर."

नवरा दारात येऊन उभा राहिला आणि पुन्हा त्यानं कुणाचीच बाजू घेतली नाही. माझा आवाज चढला. त्या घरात कितीतरी दिवसांनी कुणाचा तरी आवाज चढला होता. "तुम्हीच न्हाय का? तिथं काय न्हाय असं दिसलं की पान बदलायचा? मग बदला की आता. तिथं काय न्हाय हे दिसतंय न्हवं तुम्हाला?"

"दिसतंय."

"मग ठेवा ते पिशवीत."

आव्वांनी हळदीकुंकवाची कोयरी उघडली. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तू मला कवा बदलू दिलंस? पान लावलं की खेळायचं म्हनतीस. माझं हे पान लावल्यालं हाय. आज उघडलं."

नियम माझाच होता. मी पाटावर बसले. गाऊन ढगळ होता, पण ओटी घ्यायला पदर नको का? नवरा आत गेला आणि खुंटीवरची माझी ओढणी घेऊन आला. ती त्यानं माझ्या खांद्यावर टाकली आणि पुन्हा दारात जाऊन उभा राहिला.

आव्वांनी मला हळदकुंकू लावलं. ओंजळीत तांदूळ घेतले. थोडे पाटावर सांडले. मी म्हटलं, "आव्वा, कुणाची ओटी भरताय तुम्ही?"

"तुझी. वटी पोराची असती व्हय गं? बाईची असती."

मी ओढणी पुढे धरली. तांदूळ पडले, सुपारी पडली, खण पडला. मला अजून काही वाटत नव्हतं. मग त्यांनी नारळ उचलला, आपल्या कपाळाला लावला आणि माझ्या ओटीत सोडला. ओढणी खाली ओढली गेली आणि नारळ मांडीवर बसला. त्याचं वजन मला लागलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा काहीतरी मला लागलं, आणि मग ते थांबेना. पोटातून वर आलं ते तोंडातून केवढ्यांदा बाहेर पडलं ते शेजाऱ्यांनी ऐकलंच असणार. ओढणी माझ्या हातातून सुटायला लागली.

आव्वांनी माझे हात धरून परत ओढणीच्या टोकांना लावले.

"दोनी हातांनी धर," त्या म्हणाल्या. "जड हाय ते."